स्केल

पेपरात फोटो आलाय आमचा.
म्हणजे आमचा नाही,
तापकीर मॅडमचा आणि कोटवाल्या पाहुण्यांचा,
मधे दारापेक्षा रुंद पुठ्ठ्याचा चेक.
कडेला अर्धं कोपर दिसतं, ते माझं.
अम्मीला दाखवला तर म्हणाली,
कोपर ओळखलं मी.

'यंदा सर्वाधिक गुंतवणूक खेचणारा
स्वच्छ ऊर्जेचा उपक्रम', असं छापलंय.
स्वच्छ!
यल्लप्पाला वाचून दाखवलं
तर तो टेम्पोच्या फाळक्यावर बसून हसत सुटला.
पहाटे चारला गुलटेकडीहून
सडका कोबी, फुटके टोमॅटो,
मेथीच्या देठांचा चिखल भरून
तो भोसरीला आणतो.
त्याचा वास त्याच्याआधी
नाशिक फाटा ओलांडतो.

टाकी जुनीच घेतली होती,
चाकणच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातली.
सांधे मी मारले. गळती तीनदा काढली.
दिघीच्या गोठ्यातून शेण आणून
तिला विरजण लावलं.
एकोणीस दिवस काही नाही.
मॅडम रोज सकाळी टाकीला कान लावून उभ्या,
पोटुशीच्या पोटाला लावावा तसा.
विसाव्या दिवशी
आत कुणीतरी ढेकर दिला.

पाहुणे आले ते एप्रिलात, भर दुपारी.
पहिलाच प्रश्न : स्केल काय?
मी खिशातली सहा इंची काढून दिली.
मॅडमनी डोळे मिटले.

मग बर्नर पेटवला.
आता आमची ज्योत निळी,
इतकी निळी की उन्हात ती नसतेच.
पाहुणे वाकले, चष्मा काढला,
पुसला, परत वाकले.
पेटलंय का?
दीड वर्ष घातलं,
आणि ऐन वेळी जळतंय ते दिसेना.
मॅडम तक्त्यांचे कागद चाळायला लागल्या,
घाईत उलटेच धरले होते.

मी पातेलं ठेवलं.
आलं ठेचलं, साखर टाकली.
कुणी बोलत नव्हतं.
पातेल्याच्या कडेला एक बुडबुडा,
मग पाच,
मग मोजता येईनात.
चहा उतू गेला तेव्हा
पाहुणे पहिल्यांदा हसले.
आता दिसलं, म्हणाले.

कालच्या समारंभात हे कुणी सांगितलं नाही.
कोरेगाव पार्कातलं हॉटेल, थंडगार,
पडद्यावर आमची टाकी
आंघोळ घातल्यासारखी.
भांडवल, भांडवल म्हणत होते सगळे.
मला आपलं त्या शब्दात
आधी भांडंच ऐकू येतं.

चेक रिक्षात मावेना.
दोन रिक्षावाले हात जोडून निघून गेले.
शेवटी यल्लप्पाचा टेम्पो बोलावला,
रोज जिथं कोबी असतो तिथं
कोटींचा आकडा आडवा ठेवला,
आणि मॅडम साडी खोचून
ड्रायव्हरशेजारी बसल्या.
मी मागे. चेकवर पाय देऊन,
उडू नये म्हणून.

घरी जायचं नव्हतंच.
टाकीला रात्रीचं द्यायचं राहिलं होतं.
बक्षीस मिळालं म्हणून
पोट थांबत नाही.
ज्यांनी काम केलं ते तर
डोळ्यांना दिसणारेही नाहीत,
त्यांना कसला हार घालणार?
पाला कापला, कालवला, आत सोडला.
काचेच्या नळीतल्या कुंकवाच्या पाण्याला स्केल लावली.
अकरा सेंटीमीटर.
कालही अकराच होतं.

"दस्तगीर," मॅडम म्हणाल्या,
"पुढच्या वर्षी अशा चाळीस टाक्या.
जमेल?"
मी चाळीस वेळा गळती काढताना
स्वतःला पाहिलं, आणि पातेलं शोधू लागलो.

वारा सुटला होता.
बर्नरला आडोसा हवा होता.
मॅडमनी इकडंतिकडं बघितलं
आणि चेक उभा केला.
रात्र होती, त्यामुळं ज्योत दिसत होती.
पुठ्ठ्याची एक कड
शून्यांच्या बाजूनं
जरा पिवळी पडली.